टायटल क्लिअर आहे

जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. त्यांतल्या प्रत्येकाने आपलं खरेदीखत एकदा सवडीने वाचावं असं मला वाटतं. क्लोजिंगच्या दिवशी ते कोणी वाचत नाही. वकील कागदांची चळत पुढे सरकवत जातो, आपण सह्या करत जातो; डोक्यात व्याजदर आणि घराच्या किल्ल्या. पण मिळकतीच्या वर्णनात, सबडिव्हिजनच्या गोंडस नावाच्या आसपासच, एक कोरडी ओळ असते: लँड लॉट अमुक, डिस्ट्रिक्ट तमुक, पहिला सेक्शन, फोर्साइथ काउंटी. ही विभागणी बिल्डरने केलेली नाही आणि काउंटीनेही नाही. १८३२ साली जॉर्जिया राज्याने चेरोकी या मूळ अमेरिकन लोकांच्या राष्ट्राचा मुलूख मोजला, त्याचे तुकडे पाडले आणि ते सोडत काढून गोऱ्या नागरिकांना वाटले. त्या मोजणीचे हे आकडे आहेत. सोडत निघाली तेव्हा चेरोकी कुठे गेलेले नव्हते. त्यांची घरं, शेतं, गुरं त्याच तुकड्यांवर होती.

म्हणजे दुसऱ्याच्या राहत्या घरावर काढलेल्या सोडतीचा क्रमांक आजही आपल्या कागदावर छापून येतो आणि वकील सांगतो, टायटल क्लिअर आहे. कायद्याने ते क्लिअर आहेच. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. या काउंटीची जमीन एकाहून जास्त वेळा बळजबरीने हातातून हातात गेली आणि दर वेळी कागद मात्र स्वच्छ निघाला. हा स्वच्छपणा आपोआप आलेला नाही, तो तयार केला गेला. तो कसा तयार झाला हे काउंटीने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या दप्तरातून शोधून लोकांपुढे ठेवलं पाहिजे. आणि ही मागणी करण्यात आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांनी मागे राहायचं काही कारण नाही.

चेरोकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिसांचा मुकुट आणि धनुष्यबाण येतो. १८२८ साली याच मुलुखातून ‘चेरोकी फीनिक्स’ नावाचं वृत्तपत्र निघत होतं, इंग्रजीत आणि सिकोयाने घडवलेल्या चेरोकी लिपीत. आदल्या वर्षी त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली होती. न्यू इकोटा ही राजधानी होती, तिथे विधिमंडळ होतं, सर्वोच्च न्यायालय होतं. जमीन साऱ्या राष्ट्राची. ज्याने घर बांधलं, शेत कसलं, बाग लावली, त्या वहिवाटीवर त्याचा हक्क. परक्याला जमीन विकणाऱ्याला देहदंड, असा त्यांचा कायदा होता. आजच्या फोर्साइथ काउंटीच्या पूर्व कडेला चॅटहूची नदीच्या उतारावर व्हॅन घराण्याचा तराफा चालायचा आणि त्याला लागून प्रवाशांसाठी सराई होती. फेडरल रोडने येणारी-जाणारी गोरी मंडळी तिथे मुक्काम करत. जेम्स व्हॅन हा त्या काळचा बडा चेरोकी धनिक, आणि त्याच्या पदरी शंभराच्या आसपास काळे गुलाम होते. १८३५ च्या शिरगणतीत पूर्वेकडच्या चेरोकी राष्ट्रात १६,५४२ चेरोकी आणि १,५९२ गुलाम नोंदले गेले. तेव्हा हा निष्पाप वनवासींचा मुलूख होता असलं भाबडं चित्र रंगवायची मला हौस नाही. तिथे एक चालतं राज्य होतं, त्याचे गुण होते, त्याची पापंही होती, आणि ते अमेरिकेशी केलेल्या तहांवर उभं होतं.

हे राज्य मोडलं ते कायद्याने. त्याच सुमारास डलॉनेगाच्या परिसरात सोनं सापडलं. जॉर्जियाने आपले कायदे चेरोकी मुलुखावर लादले आणि गोरा माणूस पक्षकार असलेल्या खटल्यात चेरोकीची साक्ष ग्राह्य धरायची नाही असं ठरवून टाकलं. नुसत्या लुटीपेक्षा ही साक्षीची बंदी जास्त पोचलेली गोष्ट आहे. तुमचं घोडं नेलं, कुंपण मोडलं, शेत बळकावलं, तरी कोर्टात सांगायला तुम्ही नाहीच. सांगणारा नसला की नोंद होत नाही, आणि नोंद नसली की पुढे काही घडलंच नव्हतं असं म्हणायची सोय होते. १८३० साली अमेरिकन काँग्रेसने मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. सेनेटमध्ये त्याची बाजू हिरिरीने मांडणाऱ्यांत जॉर्जियाचा माजी गव्हर्नर जॉन फोर्साइथ होता. डिसेंबर १८३२ मध्ये चेरोकी मुलुखातून दहा काउंट्या कोरून काढल्या गेल्या तेव्हा त्यांतल्या एकीला त्याचंच नाव दिलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वूस्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला होता की जॉर्जियाचे कायदे चेरोकी राष्ट्रात चालत नाहीत. जॉर्जियाने तो निकाल गुंडाळून ठेवला आणि ऑक्टोबरात सोडत सुरू केली.

सोडतीची पद्धत पाहण्यासारखी आहे. मिलेजव्हिल या तेव्हाच्या राजधानीत दोन पिंपं ठेवलेली. एकात अर्जदारांच्या नावांच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात लॉटच्या आणि कोऱ्या. एका पिंपातून नाव निघायचं, दुसऱ्यातून नशीब. अठरा वर्षांवरचा गोरा पुरुष, तीन वर्षं जॉर्जियात राहिलेला, तर एक चिठ्ठी. बायको-मुलं असतील तर दोन. विधवांना आणि अनाथ मुलांनाही वाटा. साध्या जमिनीचे तुकडे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. फोर्साइथ सोन्याच्या पट्ट्यात धरली गेली, म्हणून इथले लॉट चाळीस-चाळीस एकरांचे. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला सरकारी दप्तरात ‘फॉर्च्युनेट ड्रॉअर’ म्हणत, आणि नाममात्र शुल्क भरलं की सनद हातात. साऱ्या व्यवहारात काटेकोरपणा केवढा! अनाथांचा विचार केला, विधवांचा केला, मोजणीदारांच्या साखळ्या तपासल्या. फक्त ज्याच्या अंगणात साखळी टाकली त्याला कोणी विचारलं नाही. लोकशाही पद्धतीने, पारदर्शकपणे, पात्रतेचे निकष लावून केलेली ही लूट होती, आणि तिचा कागद म्हणूनच इतका टिकाऊ ठरला.

१८३५ च्या अखेरीस चेरोकींतल्या एका छोट्या गटाने न्यू इकोटाच्या तहावर सह्या केल्या. निवडून आलेला राष्ट्रप्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी त्याच्या विरोधात होते. तरीही सेनेटने तो अवघ्या एका मताच्या फरकाने मंजूर केला. त्यानंतर सरकारी मूल्यमापक घरोघर फिरले. त्यांच्या याद्यांमध्ये प्रत्येक कुटुंबाचं लाकडी घर, गोठा, मक्याचं कोठार, कुंपण घातलेलं शेत आणि पीचची, सफरचंदाची झाडं मोजून किंमत लावलेली आहे. मे १८३८ मध्ये सैनिक आले. माणसं लाकडी छावण्यांत कोंडली आणि मग पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमाकडे हाकलली. सुमारे चार हजार माणसं या प्रकारात मेली असा सर्वसाधारण अंदाज आहे. फोर्साइथमध्ये मागे राहिली ती नावं. सॉनी नावाच्या चेरोकीवरून ओळखला जाणारा डोंगर आज इथलं आवडतं फिरायचं ठिकाण आहे, आणि इथल्या हजारो घरांना विजेचं बिलही सॉनीच्याच नावाने येतं.

आता ऐंशी वर्षं पुढे. या काउंटीत मोठे मळे नव्हते. डोंगरपायथ्याची गरीब शेती, कापूस, मका, चोरून गाळलेली दारू. १९१० च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९४०, त्यांत १,०९८ कृष्णवर्णीय. बहुतेक कुळं आणि मजूर, पण काही डझन कुटुंबांनी गुलामगिरी संपल्यावरच्या पन्नास वर्षांत पै-पै जोडून स्वतःची जमीन केली होती. सप्टेंबर १९१२ मध्ये मे क्रो ही अठरा वर्षांची गोरी मुलगी ऑस्करव्हिलजवळ रानात जबर जखमी सापडली. दोन आठवड्यांनी ती गेली. तोवर रॉब एडवर्ड्स या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने कमिंग या काउंटीच्या मुख्य गावातल्या तुरुंगातून ओढून काढून मारलं होतं आणि चौकातल्या टेलिफोनच्या खांबाला लटकवलं होतं. आणखी दोन कृष्णवर्णीय पोरांवर खटला भरला: अर्नेस्ट नॉक्स सोळा वर्षांचा, ऑस्कर डॅनियल अठराचा. नॉक्सकडून कबुली काढली ती फासाचा धाक घालून. सगळ्या गोऱ्या ज्यूरीपुढे एका दिवसात खटले उरकले. २५ ऑक्टोबरला फाशी. कायद्याप्रमाणे फाशी लोकांच्या नजरेआड द्यायची, म्हणून वधस्तंभाभोवती कुंपण उभारलं होतं. आदल्या रात्री कोणीतरी ते जाळलं. सकाळी टेकडीच्या उतारावर हजारो माणसं बायकापोरांसह बसलेली.

फाशीच्या आधीपासून आणि नंतरही रात्री घोडेस्वार निघत. घरांवर गोळ्या, चर्चला आग, दारात नोटीस: चोवीस तासांत चालते व्हा. काही आठवड्यांत सुमारे ११०० कृष्णवर्णीयांची वस्ती रिकामी झाली. कोणी गेन्सव्हिलला गेले, कोणी अटलांटाला. गाय, नांगर, कापणीला आलेला कापूस मिळेल त्या भावाने विकला, नाहीतर तसाच टाकला. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांतल्या काहींनी ती कवडीमोलाने विकल्याची नोंद आहे. काहींच्या बाबतीत मात्र विक्रीची नोंदच सापडत नाही, आणि तरी काही वर्षांनी तीच जमीन दुसऱ्याच्या नावावर फिरताना दिसते. जॉर्जियाच्या कायद्यात वीस वर्षं उघड, अखंड कब्जा असला की मालकी मिळते. हातात एखादा वरकरणी बरा दिसणारा दस्त असेल तर सातच वर्षांत. आता ज्या माणसाला काउंटीत पाऊल टाकलं तर गोळी बसेल, त्याने सात वर्षांच्या आत कमिंगच्या कोर्टात येऊन हरकत घ्यायची! १८३० मध्ये साक्ष कायद्याने बंद होती, १९१२ नंतर बंदुकीने. कागद दोन्ही वेळा चोख.

पुढचा फेरफार सरकारी. १९५० च्या दशकात लष्कराच्या अभियंता विभागाने चॅटहूचीवर ब्यूफर्ड धरण बांधलं आणि ३८,००० एकरांचा लेक लेनियर भरला. समाजमाध्यमांवर फिरणारी एक गोष्ट इथे खोडून काढली पाहिजे, कारण ती मराठी ग्रुपांवरही दर उन्हाळ्यात येते: तळ्याखाली ऑस्करव्हिल नावाचं भरभराटीचं कृष्णवर्णीय शहर बुडवलं आणि म्हणून तिथे भुतं आहेत. ऑस्करव्हिल हे गोऱ्या-काळ्यांच्या शेतांचं विखुरलेलं खेडं होतं, आणि तळं भरलं तेव्हा तिथले कृष्णवर्णीय जाऊन चाळीस वर्षं झाली होती. भुताची गोष्ट सगळ्यांच्या सोयीची असते, कारण तिच्यात गुन्हेगार पाणी ठरतं. खरी गोष्ट रुक्ष आहे. संपादनाचा मोबदला मिळाला तो त्या दिवशी दप्तरात ज्याचं नाव होतं त्याला. ज्याच्या आजोबाला १९१२ मध्ये पिटाळलं त्याला धनादेश येण्याचा प्रश्नच नव्हता. व्हॅनची सराई तेवढी बुडण्याआधी सुटी करून न्यू इकोटाला नेली आणि तिथल्या स्मारकात पुन्हा उभारली. लाकडी इमारतीचं पुनर्वसन झालं.

त्यानंतरची तीस वर्षं कोंबड्यांच्या शेडची, आणि ‘इथे काळा माणूस सूर्यास्तानंतर थांबत नाही’ या ख्यातीची. १९८० मध्ये अटलांटाचा एक कृष्णवर्णीय अग्निशामक कर्मचारी तळ्यावर सहलीला आला होता. परतताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो वाचला. १७ जानेवारी १९८७ ला नागरी हक्क चळवळीतले नेते होझिया विल्यम्स आणि शंभरच्या आतबाहेर माणसं बंधुभावाचा मोर्चा घेऊन आली, तेव्हा शेकडोंच्या जमावाने दगड-बाटल्यांनी त्यांचं स्वागत केलं. आठवड्याने कोरेटा स्कॉट किंग, जॉन लुईस, अँड्र्यू यंग यांच्यासह सुमारे वीस हजार माणसं आली आणि नॅशनल गार्डच्या बंदोबस्तात कमिंगमधून चालली. फेब्रुवारीत ओप्रा विनफ्रीने तिथून कार्यक्रम केला, प्रेक्षकांत फक्त स्थानिक रहिवासी, म्हणजे सगळे गोरे. बाहेर निदर्शनं करणाऱ्या विल्यम्सना अटक झाली.

या मोर्चांची एक शेपटी सहसा कोणाला माहीत नसते. बंदोबस्ताचा खर्च ६,७०,००० डॉलरच्या वर गेला, काउंटीच्या वाट्याला त्यातला थोडाच आला, पण तिने मिरवणुकांवर शुल्क बसवणारा वटहुकूम काढला. गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या एका संघटनेने त्याला आव्हान दिलं आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ती जिंकली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवतात. मला त्यातली सुरुवात महत्त्वाची वाटते. न्यायालयाने काउंटीची ओळख करून देतानाच लिहिलं की ही मुख्यतः ग्रामीण काउंटी आहे, १९१२ मध्ये एका महिन्यात तिची सगळी कृष्णवर्णीय वस्ती पद्धतशीर हुसकावून लावली गेली आणि पंच्याहत्तर वर्षांनीही ती ९९ टक्के गोरी होती. तेव्हा हे सगळं ऐकीव आहे, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत, असं म्हणायची वाट देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच बंद केली आहे.

आणि मग आपण आलो. जॉर्जिया ४०० महामार्ग, अल्फारेटातल्या आयटी कंपन्या, चांगल्या शाळा. १९८० ला काउंटीत २८,००० माणसं होती, २०२० ला अडीच लाखांवर. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत काउंट्यांत तिची गणना होते. आशियाई सुमारे १८ टक्के, त्यांत मोठा भाग भारतीयांचा. दक्षिण फोर्साइथच्या काही सबडिव्हिजनमध्ये दिवाळीत गल्लीभर आकाशकंदील दिसतात. कृष्णवर्णीय? चार-पाच टक्के. एकशे दहा वर्षांपूर्वी ते नऊ टक्के होते.

हा आकडा मांडला की आपल्या बैठकीत पहिलं उत्तर ठरलेलं असतं: आपला काय संबंध? आपण २००५ नंतर आलो, घामाच्या पैशाने घर घेतलं, उलट आपणही इथे अल्पसंख्यच. यात खोटं काही नाही. पण १९८७ पूर्वी आपल्या रंगाच्या माणसाला या काउंटीत घर दाखवायला कोणी दलाल तयार झाला असता का? दगड ज्यांनी खाल्ले त्यांनी ही काउंटी उघडली, आणि त्या उघड्या दारातून मोठ्या संख्येने आत आलो आपण. त्याआधी १९६५ चा इमिग्रेशन कायदा, ज्याने भारतीयांना या देशाचं दार उघडलं, तोही नागरी हक्क चळवळीच्याच लाटेवर आला. तेव्हा त्रयस्थ म्हणवून घेणं आपल्याला जरा जडच जाईल. आपल्याकडे दोष येत नाही हे मान्य. लाभ मात्र आला आहे, आणि तो घराच्या किमतीत दरसाल वाढतोय.

दुसरं उत्तर जास्त विचाराचं आहे: मागे जायचं तरी कुठवर? चेरोकींआधी इथे मस्कोगी होते, त्यांच्याआधी आणखी कोणी. प्रत्येक जमीन कोणाकडून तरी घेतलेलीच असते. माझं उत्तर व्यवहारी आहे. जिथवर कागद आहेत आणि वारस आहेत, तिथवर जायचं. हुसकावलेल्यांची नातवंडं-पणतवंडं अटलांटा आणि गेन्सव्हिलच्या परिसरात हयात आहेत. १९१० च्या जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं आहेत. करपुस्तकं आणि खरेदीखतांच्या वह्या आहेत. चेरोकी राष्ट्राचं तर विचारूच नका. ओक्लाहोमातल्या टालिक्वा या राजधानीतून चालणारं, साडेचार लाखांहून जास्त नागरिकांचं सरकार आहे ते. फोर्साइथला येणाऱ्या मुलांना सिकोयाचा धडा दुसरीत असतो, आठवीत जमिनीची सोडतही येते. पण धड्याचा सूर असा की चेरोकी ही इतिहासात होऊन गेलेली जमात. प्रत्यक्षात ते न्यायालयं चालवतात, इस्पितळं चालवतात आणि अमेरिकेकडे थकबाकीही मागतात.

ती थकबाकी ठोस आहे. न्यू इकोटाच्या ज्या तहाच्या जोरावर त्यांना इथून काढलं, त्याच्याच सातव्या कलमात चेरोकी राष्ट्राला अमेरिकन प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी पाठवता येईल असं आश्वासन आहे. २०१९ मध्ये त्यांनी किम टीही यांचं नाव दिलं. खुर्ची अजून मिळालेली नाही. तहातलं जमीन घेण्याचं कलम तीन वर्षांत सैन्य लावून अमलात आणलं, आणि द्यायचं कलम जवळजवळ दोन शतकं पडून आहे. या जमिनीवर राहणाऱ्या मतदारांनी आपल्या काँग्रेस सदस्याला निदान हे विचारायला कोणाचं घर जात नाही.

चेरोकींनीही गुलाम ठेवले, मग त्यांची एवढी कड कशाला, असंही ऐकू येतं. ठेवलेच. १८६६ च्या तहाने मुक्त गुलामांना चेरोकी नागरिकत्व दिलं, २००७ मध्ये राष्ट्राने मतदान घेऊन त्यांच्या वंशजांना बाहेर काढलं, २०१७ मध्ये फेडरल न्यायालयाने ते परत दिलं आणि २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेतली रक्ताची अट काढून टाकली. भांडत, अडखळत का होईना, त्यांनी आपल्या दप्तराची झाडाझडती केली. फोर्साइथने काय केलं? १९८७ च्या मोर्चांनंतर गोऱ्या आणि कृष्णवर्णीय सदस्यांची संयुक्त समिती नेमली. कृष्णवर्णीय सदस्य म्हणाले, गेलेल्या जमिनींची भरपाई तपासा. गोरे सदस्य म्हणाले, पुरावा नाही. तिथेच ते थांबलं. पुरावा ज्या वह्यांत आहे त्या काउंटीच्याच कोर्टाच्या लेखनिकाकडे आहेत, हे कोणी बोललं नाही.

काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये कमिंगच्या मध्यवस्तीत १९१२ च्या घटनांचा फलक लागला. २०२२ पासून काही चर्चनी मिळून हुसकावलेल्यांच्या वंशजांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. ही माणसं मनापासून काम करतात, त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरी शिष्यवृत्ती हे दान आहे, आणि दान देणारा पुरावा मागत नाही, हिशेबही मांडत नाही. काउंटीला हे फार सोयीचं आहे. जॉर्जिया राज्याचाही कल असाच. १९६२ मध्ये त्याने चेरोकींविरुद्धचे जुने कायदे रद्द केले, १९९२ मध्ये वूस्टर खटल्यातल्या दोघांना रीतसर माफी दिली. माफी मिळालेले दोघेही गोरे मिशनरी होते.

शाळांची बाब आणखी नाजूक. २०२२ मध्ये राज्याने तथाकथित फूट पाडणाऱ्या संकल्पना वर्गात शिकवण्यावर बंधनं घालणारा कायदा केला, आणि तेव्हापासून शिक्षक जपून बोलतात. मुलांना अपराधी वाटेल अशी पालकांची भीती असते, आपल्यातल्याही. माझा अनुभव उलटा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना १९१२ ची हकीकत सांगितली की ती अपराधी वगैरे होत नाहीत. ती विचारतात, मग ती जमीन आता कोणाची आहे? हा प्रश्न मोठ्यांना अवघड वाटतो, म्हणून धडा नको असतो.

भारतात आपण जमीन घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, सातबाऱ्यावरचे फेरफार एकेक करून उलटतो, आणि एखादा फेरफार गायब असला तर ‘यात काहीतरी घोटाळा आहे’ म्हणून उठून येतो. जॉर्जियात टायटलचा शोध साधारण पन्नास वर्षं मागे जातो आणि थांबतो. व्यवहारासाठी तेवढा पुरे. नाहीतर कोणालाच काही विकता येणार नाही. परंतु काउंटी ही गिऱ्हाईक नाही. तिला पन्नास वर्षांवर थांबायचं बंधन नाही.

म्हणून मागणी मोजकीच आहे. १९१२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या नावावर असलेला प्रत्येक तुकडा, त्याचा लँड लॉट क्रमांक, तो कोणाकडे, केव्हा, किती रकमेला आणि कोणत्या दस्ताने गेला, दस्त नसेल तर तसं स्पष्ट लिहून, ही यादी काउंटीने तयार करावी आणि आपल्या संकेतस्थळावरच्या जमिनींच्या नकाशाला जोडावी. आज त्या नकाशावर आपण शेजाऱ्याचा मालमत्ता कर सुद्धा एका क्लिकवर पाहतो. ज्या तुकड्यांचा दस्त सापडत नाही, त्यांच्यापुरता भरपाईचा प्रश्न १९८७ च्या समितीने जिथे सोडला तिथून पुन्हा सुरू करावा, काउंटीच्या तिजोरीतून, चर्चच्या दानपेटीतून नव्हे. कोणाचं राहतं घर परत मागण्याचा यात प्रश्नच येत नाही. तुकडे फार नाहीत, काही डझन मालकांचे आहेत. एका श्रीमंत काउंटीला दोन संशोधक आणि एक सर्व्हेअर नेमणं जड नाही.

काउंटीचे कमिशनर निवडणुकीला उभे राहतात तेव्हा दिवाळी मेळ्यात येतात, कुर्ता घालून फोटो काढतात, समोशाची तारीफ करतात. ट्रॅफिक, शाळांच्या हद्दी, नवं क्रिकेटचं मैदान, एवढेच प्रश्न आपण त्यांना विचारतो. या यादीबद्दल त्यांना विचारलं तर ते आधी दचकतील, मग वकिलाकडे बोट दाखवतील. वकील म्हणेल, टायटल क्लिअर आहे. त्यावर आपण म्हणायचं, हो, माहीत आहे. आमचा प्रश्न ते क्लिअर कोणी केलं आणि कसं, हा आहे.